टेनर बँजो : जुना साज, नवा सूर

नांदुरा – मुंबई-नागपूर लोहमार्गावरच्या या गावात, किंवा आसपासच्या मलकापूर-शेगाव पट्ट्यात, ‘बँजो म्हणजे काय’ असे कोणाला विचारले, तर उत्तर बहुधा एकच मिळेल. वरातीपुढे वाजतो तो बँजो. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर टंकलेखन यंत्रासारख्या कळा, कळांखाली पोलादी तारा आणि ध्वनिवर्धकातून थेट छातीवर आदळणारा टणत्कारी सूर. जगाच्या बऱ्याच भागात मात्र या नावाने ओळखले जाणारे वाद्य निराळेच आहे. डफासारखे गोल अंग, त्यावर ताणून बसविलेले कातडे, पुढे आलेली लांब दांडी आणि चार किंवा पाच तारा असे त्याचे रूप असते. एकाच नावाच्या या दोन वाद्यांची गल्लत वाचकांप्रमाणेच वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतही होते, हे आमच्या व्यवसायाबद्दल प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

गोल बँजोचाच एक प्रकार म्हणजे टेनर बँजो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत त्याने अमेरिका व युरोपातील नृत्यगृहे गाजविली. सोन्याचा मुलामा, शिंपल्याचे जडावकाम, रंगीत खडे, कोरीव नक्षी यांनी नटलेले त्याचे नमुने आजही पाहणाऱ्याचे डोळे दिपवितात. त्या काळातील ही वाद्ये आता शंभरी गाठत आहेत, काहींनी ती ओलांडली आहे. जुन्या बाजारात किंवा घराच्या माळ्यावर असे एखादे वाद्य हाती लागले, तर ते दुरुस्त करताना काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सूर परत आणता येतो, साज एकदा घासला की गेला. आणि हीच गोष्ट आपल्या वरातीतल्या बँजोलाही लागू पडते.

वाद्याची रचना

टेनर बँजोचे अंग म्हणजे सुमारे अकरा इंच व्यासाचे लाकडी कडे. मेपल या कठीण लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर वाकवून, एकावर एक चिकटवून ते तयार करीत. चांगल्या प्रतीच्या वाद्यात या कड्यावर धातूचे आणखी एक जड कडे बसविलेले असते. वाद्याच्या आवाजाची धार प्रामुख्याने त्यावर अवलंबून असते. कड्यावर वासराचे कातडे ताणलेले असते आणि ते ताणण्यासाठी भोवताली वीस-पंचवीस आकडे असतात. प्रत्येक आकड्याच्या टोकाला एक मळसूत्री नट असून तो पिळला की कातडे घट्ट होते. आपल्या ढोलकीला दोरी किंवा कड्या, तशी ही व्यवस्था. कड्याच्या पाठीमागे पसरट बशीसारखे लाकडी झाकण असते. त्याला रेझोनेटर म्हणतात. मागे जाणारा आवाज अडवून तो श्रोत्यांकडे परतविणे हे त्याचे काम.

दांडीवर सतरा किंवा एकोणीस पडदे असतात. सतरा पडद्यांच्या वाद्याची तार सुमारे एकवीस इंच लांब, एकोणीस पडद्यांची सुमारे तेवीस इंच. चार तारा सी, जी, डी, ए अशा लावतात. म्हणजे लगतच्या कोणत्याही दोन तारांत षड्ज-पंचम भाव असतो. व्हायोलिन किंवा मेंडोलिन वाजविणाऱ्याला बोटांची ही मांडणी लगेच ओळखीची वाटेल. आयर्लंडच्या लोकसंगीतात हेच वाद्य जी, डी, ए, ई असे, व्हायोलिनच्या बरोबर एक सप्तक खाली लावतात. ‘द डब्लिनर्स’ या वाद्यवृंदातील बार्नी मकेना यांच्यामुळे ही पद्धत रूढ झाली आणि टेनर बँजोला तेथे नवे घर मिळाले.

कातड्यावर उभी असते ती घोडी. ती चिकटविलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने जागेवर राहते. तार छेडली की कंप घोडीतून कातड्यात जातो आणि क्षणात संपतो. सतारीसारखी आस या वाद्याला नाही. म्हणून लांब स्वर दाखवायचा असेल तर वादकाला नखीने तीच तार झपाट्याने वारंवार छेडावी लागते.

गुलामांच्या वस्तीतून नृत्यगृहात

बँजोचे मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. भोपळ्याच्या कवचावर कातडे ताणून केलेली तंतुवाद्ये तेथे होती. गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर व अमेरिकेत नेलेल्या माणसांनी त्यांच्या आठवणीवर तेथे नवी वाद्ये घडविली. वैद्य हॅन्स स्लोन यांनी १७०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जमैकातील अशा वाद्यांचे चित्र आहे. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या कलावंतांनी तोंडाला काजळी फासून केलेल्या खेळांतून बँजो रंगमंचावर आला. कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या या खेळांनीच कृष्णवर्णीयांचे वाद्य घराघरांत पोहोचविले. बँजोच्या इतिहासातील हा डाग पुसता येणारा नाही.

तो बँजो पाच तारांचा, बोटांनी वाजविण्याचा. १९१० च्या सुमारास टँगो व अन्य नव्या नृत्यांची लाट आली, तेव्हा नखीने ठोकून वाजविता येईल असा चार तारांचा आटोपशीर प्रकार पुढे आला. आधी त्याला टँगो बँजोही म्हणत, पुढे टेनर हे नाव कायम झाले. त्याच्या यशाचे कारण साधे होते : आवाज. ध्वनिवर्धक अजून नृत्यगृहांत आलेले नव्हते. तुतारीसारखी पितळी वाद्ये आणि ढोल यांच्या गदारोळात गिटार ऐकूच येत नसे. बँजोचा ठोका मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचे. त्या काळचे ध्वनिमुद्रण कर्ण्यासमोर वाजवून होई, त्यातही बँजोच उठून दिसे.

१९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि चित्र पालटू लागले. मायक्रोफोनला गिटारचा मऊ आवाजही टिपता येई. त्यात १९२९ ची मंदी कोसळली. दहा वर्षांपूर्वी नृत्यवृंदात अपरिहार्य असलेला टेनर बँजो १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ठिकाणांहून हद्दपार झाला. कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला जॅझवृंद घेऊन १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले, तोवर या वाद्याचा बहर ओसरला होता. मुंबईकरांची जॅझशी खरी ओळख झाली ती बँजो मावळताना.

झगमगाट कशासाठी?

मंदीपूर्वीच्या त्या चार-सहा वर्षांत बँजो बनविणाऱ्यांमध्ये जी चुरस लागली, तिला तोड नाही. बोस्टनची व्हेगा, कनेक्टिकटमधील ग्रॉटन गावची बेकन, न्यूयॉर्कमध्ये विल्यम लँग यांची पॅरामाउंट, मिशिगनमधील कॅलमझू येथील गिब्सन अशा कंपन्या होत्या. व्हेगातील डेव्हिड डे १९२२ मध्ये बेकनकडे गेले आणि ‘बी अँड डी’ ही मुद्रा प्रसिद्धीस आली. तिच्या ‘सिल्व्हर बेल’ मालिकेतील सर्वांत महाग वाद्यांना ‘ने प्लस अल्ट्रा’, म्हणजे ‘याच्या पुढे काही नाही’, असे नाव होते. गिब्सनने १९२५ मध्ये ‘मास्टरटोन’ मालिका काढली आणि लवकरच तिच्यावर ‘बेला व्होसे’, ‘फ्लोरेंटाइन’, ‘ऑल अमेरिकन’ असे चढते मजले चढविले. फ्लोरेंटाइनच्या दांडीवर हाताने रंगविलेली व्हेनिसची दृश्ये आहेत. ऑल अमेरिकनच्या दांडीच्या टोकाला लाकडात कोरलेला गरुड बसला आहे.

नक्षीचे प्रकार तरी किती? खऱ्या शिंपल्याचे तुकडे कापून दांडीत बसविलेली फुले-वेली. धातूच्या प्रत्येक भागावर सुईसारख्या हत्याराने कोरलेली पाने आणि वर सोन्याचा मुलामा. काहींवर हिऱ्यांचा आभास देणारे काचेचे खडे. कातड्यावर सूर्यास्त, तळे, नारळाची झाडे रंगवून आत विजेचा छोटा दिवा लावीत. दिव्याच्या उबेने कातड्यातील दमटपणा जाई आणि अंधारात चित्रही उजळे. एका खर्चात दोन कामे! वरातीतल्या रोषणाईची सवय असलेल्या आपल्या वाचकांना यात काही परके वाटू नये.

या साजाकडे पुढच्या पिढ्यांनी नाक मुरडले. संग्राहकांच्या एका वर्गाला आजही तो भडक, बाजारू वाटतो. आमच्या मते हा निवाडा अन्यायाचा आहे. बँजोवादक पहिल्या रांगेत बसे, प्रकाशझोतात असे. त्याचे वाद्य हा त्याच्या पोशाखाचाच भाग होता. नृत्यगृहाचा मालक वादकाला ऐकण्याआधी पाहत होता. झगमगाट हा त्या धंद्याचा भाग होता आणि तो साकारणाऱ्या कोरक्यांचे, जडावकाम करणाऱ्यांचे हात कुशल होते. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. त्यांचे काम तेवढे शिल्लक आहे.

या साजातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लक्षवेधी वस्तू मात्र शिंपला नव्हे, शिंपल्याची नक्कल. दुधी, लाटालाटांची, मोत्यासारखी चमकणारी ही पत्री सेल्युलॉइडची असे. मधल्या प्रतीच्या कित्येक बँजोंची दांडी, रेझोनेटरची पाठ यांवर ती सरसकट चढविलेली दिसते. अमेरिकेतील कारागिरांनी तिला पुढे ‘शौचकूपाच्या झाकणाची माता’ असे खवचट नाव ठेवले, कारण तशीच पत्री त्या झाकणांवरही असे. सेल्युलॉइड बनते कशापासून? कापूस आणि कापूर यांपासून. कापसातील सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून त्यात कापूर मिसळतात. अमेरिकेत जॉन वेस्ली हयात यांनी १८७० च्या सुमारास ही कृती व्यापारी स्वरूपात आणली. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला आपल्या पिकाचे हे रूप ओळखू येणार नाही. मात्र जुनी पत्री किंचित घासली की कापराचा वास अजूनही येतो, आणि खरे-खोटे ओळखण्याची ती एक खूण मानली जाते.

आपला बँजो

जपानमध्ये १९१२ साली ताइशो राजवट सुरू झाली. त्याच वर्षी नागोया शहरात मोरिता गोरो यांनी एक नवे वाद्य तयार केले. पारंपरिक जपानी तंतुवाद्य ‘कोतो’ शिकायला कठीण, म्हणून त्यांनी तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसविल्या. कळ दाबली की तार खालच्या पडद्यावर टेकते आणि तो स्वर निघतो. राजवटीच्या नावावरून त्याला ‘ताइशोगोतो’ म्हणू लागले. स्वस्त, सुटसुटीत आणि स्वरज्ञानाची फारशी अट नसलेले हे वाद्य जहाजांतून आशिया-आफ्रिकेच्या बंदरांवर पोहोचले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ‘तारब’ संगीतात ते शिरले, भारतात त्याला ‘बुलबुल तरंग’ हे गोड नाव मिळाले. बलुचिस्तानात त्याचे ‘बेंजू’ झाले आणि तेथील वादक बिलावल बेल्जियम यांनी या खेळण्यासारख्या वाद्याला मैफलीत आणून बसविले. महाराष्ट्रात त्याचा बँजो झाला.

म्हणजे आपल्या बँजोचा आणि अमेरिकी बँजोचा रक्ताचा संबंध नाही. एकाला कातडे आहे, दुसऱ्याला नाही. स्वभाव मात्र मिळताजुळता. दोन्ही नखीने वाजतात, दोघांनाही मींड जमत नाही आणि ती उणीव दोघेही नखीच्या झपाट्याने भरून काढतात. दोघांनाही गर्दीत, उघड्यावर, ताशा-ढोलांच्या कल्लोळात आपला सूर वेगळा काढायचा असतो. अमेरिकी बँजोने ते कातड्याच्या बळावर साधले. आपल्या बँजोला तारांखाली चुंबकीय पिकअप बसला, तार ध्वनिवर्धकाला जोडली गेली आणि बुलबुलाचा पार कायापालट झाला. मुंबईच्या गिरणगावात, कोळीवाड्यांत बँजो पार्ट्या उभ्या राहिल्या. गणेशोत्सव, गोविंदा, हळद, वरात यांवर त्यांचे पोट चालते. रवी जाधव दिग्दर्शित आणि रितेश देशमुख अभिनित ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट सप्टेंबर २०१६ मध्ये आला, तेव्हा रस्त्यावरचे हे वाद्य प्रथमच एका मोठ्या चित्रपटाच्या नावात झळकले.

साजाची हौस येथेही तीच. पेटीवर चकाकती पत्री, वेलबुट्टी, आरसे, देवादिकांची चित्रे, ठळक अक्षरांत पार्टीचे नाव, अलीकडे रंग बदलणारे दिवे. एका वादकाची पेटी दुसऱ्यासारखी नसते. तिच्यावरच्या रंगांवरून ती कोणत्या वस्तीतली, कोणत्या हातची, हे जाणत्याला सांगता येते. पण नवा संच आला की जुनी पेटी माळ्यावर जाते आणि माळ्यावरून भंगारात. सतार-तंबोऱ्याच्या वाट्याला आलेली प्रतिष्ठा तिच्या वाट्याला आलेली नाही. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते योग्यच झाले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वाद्यांचे दालन पाहायला लोक आवर्जून जातात. वरातीतल्या पेटीला असे भाग्य लाभावे, असे म्हणणारे थोडे.

दुरुस्ती : काय बदलावे, काय राखावे

जुना टेनर बँजो हाती आला, तर पहिले काम छायाचित्रे काढण्याचे. वाद्य उघडण्यापूर्वी सर्व बाजूंनी, उघडल्यावर आतून. कड्याच्या आतल्या बाजूस किंवा रेझोनेटरच्या पोटात कंपनीची चिठ्ठी, शिक्का किंवा क्रमांक असतो. गिब्सनच्या वाद्यांत तो कारखान्यातील घाणीचा, म्हणजे एका खेपेस घेतलेल्या कामाचा, क्रमांक असतो आणि त्यावरून वर्ष काढता येते. एखादा उत्साही कारागीर आतून स्वच्छ करण्याच्या भरात तो घासून टाकतो. मग वाद्याचे वय सांगायला फक्त मालकाचा शब्द उरतो.

जे भाग वापराने झिजतात ते बदलण्यात काहीही गैर नाही. तारा, घोडी आणि कातडे हे असे भाग. वादकांनी ते शंभर वर्षांपूर्वीही बदललेच होते. कातड्याविषयी मात्र थोडे थांबावे लागते. हलगी वाजविण्यापूर्वी ती शेकोटीवर का शेकतात, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. दमट हवेत कातडे सैल पडते, कोरड्या हवेत ताणते. बँजोचेही तेच. पावसाळ्यात त्याचा आवाज बसतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात कातडे तडकण्याची भीती असते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कृत्रिम पडदे बाजारात आले आणि ही कटकट संपली. रोज वाजवायचे असेल तर कृत्रिम पडदा सोयीचा. मात्र त्याने आवाज काहीसा टणक होतो, आणि जुन्या वाद्याचा मऊपणा ऐकायचा असेल तर कातडेच हवे, असे मानणारे वादक आहेत. निर्णय कोणताही घ्या, उतरविलेले जुने कातडे फेकू नका. त्यावर चित्र असेल, वादकाची सही असेल, निदान वर्षानुवर्षे घोडी उभी राहिल्याची खूण तरी असेल.

नवे कातडे ताणताना आकडे ओळीने पिळू नयेत. एक पिळल्यावर त्याच्या बरोबर समोरचा पिळावा, दर वेळी पाव वळसा. एका बाजूने ताण आला तर कडे वाकडे होते आणि वाकडे झालेले कडे सरळ होत नाही. घोडीची जागा मोजून ठरवावी : दांडीच्या वरच्या टोकाच्या मेरूपासून बाराव्या पडद्यापर्यंत जितके अंतर, तितकेच बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत. त्यानंतर कानाने किंचित मागेपुढे करावी. सूर बेसूर लागतो म्हणून पडदे काढून टाकणारे लोक आहेत, दोष बहुधा सरकलेल्या घोडीत असतो. तारा बारीक घ्याव्यात. जुन्या कित्येक दांड्यांत आधारासाठी लोखंडी गज नसतो आणि जाड तारांच्या ओढीने त्या पुढे वाकतात.

खरी कसोटी लागते ती साजापाशी. नांदुऱ्याहून खामगाव जवळ आहे आणि खामगावची चांदी सर्वदूर प्रसिद्ध. तेव्हा काळवंडलेले आकडे, नक्षीचे पत्रे सराफाकडे नेऊन पुन्हा मुलामा देऊन घ्यावा, असे येथील मालकाला सहज वाटेल. वाद्याच्या दृष्टीने याहून घातक गोष्ट दुसरी नाही. नवा मुलामा चढविण्यापूर्वी जुना पृष्ठभाग चाकावर घासून गुळगुळीत करावा लागतो. त्या घासण्यात कोरीव रेषांच्या कडा जातात, उथळ रेषा तर पुरत्या पुसल्या जातात. वाद्य नव्यासारखे चमकते आणि कोरक्याचा हात नाहीसा होतो. सोन्याचा मूळ थर इतका पातळ असतो की चिंच, लिंबू, राख किंवा भांडी घासण्याची पावडर यांचा एक हातही त्याला सोसत नाही. मऊ कापड किंचित ओले करून पुसावे आणि लगेच कोरड्या कापडाने टिपावे. एवढ्याने जेवढे निघेल तेवढे पुरे. वादकाचा तळहात जेथे टेकत असे तेथला मुलामा उडालेला असतो. ती जागा तशीच ठेवावी. हे वाद्य नुसते मिरविले नाही, वाजविले गेले, याचा तेवढाच पुरावा.

सेल्युलॉइडची गोष्ट आणखी नाजूक. ॲसिटोन किंवा थिनर लागले की ते विरघळते, म्हणून नखांचा रंग काढण्याचे द्रावण चुकूनही वापरू नये. विस्तवाजवळ तर ते नेऊच नये, कारण ते भडकन पेट घेते. बिडी-सिगारेट ओढत दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला हे बजावून सांगितलेले बरे. वय झाले की त्याचे विघटन होते. पत्री पिवळी पडते, तिला जाळीदार तडे जातात, उग्र वास सुटतो आणि त्या वाफांनी शेजारच्या धातूवर हिरवा गंज चढतो. असा तुकडा दिसला तर तो वेगळा काढून हवेशीर जागी ठेवावा. बंद पेटीत एक सडका तुकडा सबंध वाद्य खातो. निखळलेला पण निरोगी तुकडा मात्र जपून परत बसवावा. त्याच्या जागी नवी प्लॅस्टिकची पत्री लावली तर ती दुरूनही परकी दिसते.

शिंपल्याचा एखादा तुकडा हरवला असेल तर नवा कापून बसविता येतो. आपल्याकडे सतार-तंबोऱ्यावर जडावकाम करणारे कारागीर हे काम जाणतात. हस्तिदंताच्या बाबतीत मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आड येतो आणि यायलाच हवा. खुंटीची मूठ किंवा मेरू हस्तिदंताचा असून तुटला असेल तर तेथे हाडाचा तुकडा बसवावा. त्याच वर्षीच्या पुरावशेषविषयक कायद्याने शंभर वर्षांची मर्यादा घातली आहे. ती ओलांडलेली कलाकुसरीची वस्तू त्याच्या कक्षेत येऊ शकते, म्हणून असे वाद्य परदेशी पाठविण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी केलेली बरी.

दुरुस्तीच्या नावाखाली वाद्य बदलून टाकणे हा आणखी एक धोका. १९४५ च्या अखेरीस एर्ल स्क्रग्ज हे तरुण बँजोवादक बिल मन्रो यांच्या वृंदात आले आणि ‘ब्लूग्रास’ संगीताची चलती सुरू झाली. त्याला पाच तारांचा बँजो हवा. युद्धपूर्व काळातील गिब्सनच्या कड्यांचा आवाज सर्वांना हवासा, पण त्यांतील बहुतेक वाद्ये चार तारांची टेनर. मग कारागिरांनी टेनरच्या मूळ दांड्या उतरविल्या आणि पाच तारांच्या नव्या दांड्या जोडल्या. शेकडो वाद्ये अशी बदलली गेली. शिंपल्याने मढविलेल्या मूळ दांड्या अडगळीत गेल्या, काही हरवल्या. आज त्याच मूळ दांड्यांचा शोध चालतो. वाद्य बदलायचेच असेल तर निदान काढलेला प्रत्येक भाग, प्रत्येक स्क्रू, पिशवीत घालून वाद्याबरोबर ठेवावा.

आपल्या पेटीला हे सर्व तसेच्या तसे लागू पडते. कळांखालच्या स्प्रिंगा, तारा, खुंट्या खुशाल बदलाव्यात. कळ परत उठत नसेल तर दोष बहुधा स्प्रिंगमध्ये किंवा खाली साचलेल्या गुलालात असतो. पिकअप बसवायचा तर मूळ फळीला भोके पाडण्याऐवजी वेगळ्या पट्टीवर बसवून ती खाली सरकविता येते. जुने रंगकाम मात्र नव्या ऑइलपेंटखाली दडपू नये. पार्टीचे नाव बदलले असेल, पेटी विकत घेतलेल्याला जुने नाव नको असेल, तर त्यावर नव्या नावाची वेगळी पाटी लावावी. खालची अक्षरे ज्याने काढली त्याचे नाव बहुधा कोपऱ्यात बारीक लिहिलेले असते.

राहता राहिला साठवणीचा प्रश्न. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालचा माळा ही कोणत्याही वाद्यासाठी सर्वांत वाईट जागा. सरसाचे सांधे सुटतात, सेल्युलॉइड आक्रसून उचकटते, कातडे फाटते. टेनर बँजोच्या तारा उतरवून, कातड्याचे आकडे अर्धा वळसा ढिले करून, सुती कापडात गुंडाळून तो घरातल्या थंड भिंतीशी उभा ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये. मृगाचा पाऊस पडून हवा निवळली की आकडे पुन्हा पाव-पाव वळशाने घट्ट करावेत.